खान्देशातल्या उंच इमारतीला ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र: नकाशापासून भोगवट्यापर्यंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते. प्रमाणपत्राचा खरा मामला त्या भिंतीशी आणि तिच्यातल्या खिडकीशी आहे. बिल्डर मात्र सुरुवात करतात ती गच्चीवरच्या सोलर पॅनलपासून, कारण पॅनल दिसतं आणि माहितीपत्रकात छापता येतं. पॅनल पाच वर्षांनीही बसवता येईल, पण एकदा उभी राहिलेली भिंत कोणी बदलत नाही. म्हणून पहिलं काम आर्किटेक्टच्या टेबलावर, बांधकाम परवानगीच्या नकाशावर सही होण्याआधी करायचं.

कोणतं प्रमाणपत्र कशासाठी

इथे तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते.

पहिली, इको निवास संहिता. ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, निवासी इमारतींसाठी आणलेली ही संहिता. तिचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला. त्यात भिंती, छत आणि खिडक्या आहेत. २०२१ च्या भागात लिफ्ट, पंप, दिवे आणि गुणपद्धती आली. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांसाठी ती लिहिली आहे. हे प्रमाणपत्र नव्हे, किमान पातळी आहे. पण पुढचं सगळं गणित याच पायावर उभं राहतं.

दुसरी, बीईईचं घरांसाठीचं स्टार लेबल, २०१९ पासूनचं. एक ते पाच तारे, आणि ते मिळतात प्रत्येक सदनिकेला. एकाच टॉवरमध्ये मधल्या मजल्याच्या उत्तरेकडच्या घराला जास्त आणि गच्चीखालच्या पश्चिमेकडच्या घराला कमी तारे मिळू शकतात. जाहिरातीत ‘फाइव्ह स्टार इमारत’ लिहिण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

तिसरी, हरित इमारतीचं मानांकन. ते देणाऱ्या तीन पद्धती: आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल), गृहा किंवा एज. यात ऊर्जेसोबत पाणी, साहित्य, कचरा असं सगळं येतं. एजची पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे. ऊर्जा, पाणी आणि साहित्यातली अंतर्भूत ऊर्जा या तिन्हींत नेहमीच्या इमारतीपेक्षा २० टक्के बचत दाखवायची, त्यांचं सॉफ्टवेअर ऑनलाइन वापरून आकडे आधीच पाहता येतात.

पैशाच्या हिशोबात तिसरीचं वजन सर्वांत जास्त. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, हरित मानांकनाला जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जास्त बांधकाम, मिळतं. गृहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. २,००० चौरस मीटरचा भूखंड आणि मूळ एफएसआय १.१ धरला तर २,२०० चौरस मीटरवर गोल्डचे ११० चौरस मीटर मिळतात, म्हणजे साधारण दीड-दोन फ्लॅट. पण पूर्व-प्रमाणपत्र बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याआधी हातात लागतं, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कबूल केलेलं मानांकन आलं नाही तर त्या जादा एफएसआयवर रेडीरेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दराने दंड बसतो. म्हणून गोल्ड कबूल करताना हिशोबात गोल्डच्या वर चार-पाच गुण शिल्लक ठेवा. शेवटच्या तपासणीत दोन-तीन गुण गळतातच.

आरईटीव्ही: सगळं ज्यावर अडतं तो आकडा

बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत येते, त्याचा हा आकडा. वॅट प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. इको निवास संहितेची मर्यादा १५. छत यात धरत नाहीत, त्याचा नियम वेगळा आहे.

आकड्याचे तीन तुकडे असतात. भिंतीतून वाहत येणारी उष्णता, काचेतून वाहत येणारी उष्णता, आणि काचेतून थेट आत शिरणारं ऊन. संहितेने पाडलेल्या हवामानाच्या पट्ट्यांपैकी संमिश्र हवामानासाठी त्यांचे गुणक अनुक्रमे ६.०६, १.८५ आणि ६८.९९ आहेत, उष्ण-कोरड्या हवामानासाठीही नेमके तेच. त्यामुळे तुमचं शहर या दोहोंपैकी कोणत्या पट्ट्यात मोडतं यावर सल्लागारांशी वाद घालण्यात दिवस घालवू नका, आरईटीव्ही बदलत नाही. प्रत्येक तुकड्याला दिशेचा गुणक लागतो. आपण कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे उत्तर ०.६५९, दक्षिण ०.९६६, पूर्व १.१५५, पश्चिम १.१५६. दक्षिणेच्या उन्हाची धास्ती घेणाऱ्यांनी हे चार आकडे पुन्हा वाचावेत. त्रास पूर्व-पश्चिमेचा आहे.

आता एक इमारत घेऊ. लांब बाजू उत्तर-दक्षिण, प्रत्येकी ६०० चौरस मीटर. आखूड बाजू पूर्व-पश्चिम, प्रत्येकी ३००. सगळीकडे २० टक्के साधी एकेरी काच, तिचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता किती सहज वाहू देते तो आकडा (कमी तितका चांगला), ५.८ आणि ऊन आत सोडण्याचा गुणांक, ज्याला एसएचजीसी म्हणतात, ०.८२.

नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडे प्लास्टर: यू-मूल्य साधारण २.१. आरईटीव्ही येतो २१.९. नापास.

अॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये, म्हणजे साच्यात, ओतलेली १५० मिलिमीटर काँक्रीटची भिंत: यू-मूल्य ३.५ च्या आसपास, आरईटीव्ही २८.२. इथे भिंतीचा तुकडा एकटाच १५ च्या वर जातो, म्हणजे काच कितीही महागडी घ्या, पास होणार नाही. हे फॉर्मवर्क वेगात काम करतं म्हणून खान्देशातही शिरू लागलं आहे. ते वापरायचंच असेल तर बाहेरून इन्सुलेशनचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.

२०० मिलिमीटर एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या छिद्रांचा हलका काँक्रीट ब्लॉक, बाजारात ज्याला अजून सिपोरेक्स म्हणतात: यू-मूल्य ०.७७. आरईटीव्ही १५.९. अजूनही नापास, पण काठावर. खिडक्यांवर नीट छज्जे देऊन काचेचा परिणामी गुणांक ०.८२ वरून ०.६५ वर आणला की १३.८. पास झालो असं वाटतं.

झालेलो नसतो. वरच्या हिशोबात कॉलम आणि बीम धरलेच नाहीत, आणि नेमकी हीच चूक बहुतेक पहिल्या सादरीकरणांत असते. उंच इमारतीत भिंतीच्या क्षेत्राचा १५ टक्के भाग सहज काँक्रीटचा असतो. तो धरला की भिंतीचं सरासरी यू-मूल्य ०.७७ वरून १.१८ होतं आणि आरईटीव्ही १५.६. तपासणारा हा हिशोब नकाशावरून स्वतः मांडतो, तेव्हा लपत नाही.

उपाय स्वस्त आहे. सगळ्या खिडक्यांना महाग काच नको, फक्त पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना ०.५ एसएचजीसीची काच द्या. आरईटीव्ही १४.३ वर येतो. उत्तर-दक्षिणेला साधी काच राहू द्या. आणि हीच इमारत भूखंडावर ९० अंशांत फिरवली, लांब बाजू पूर्व-पश्चिमेला आली, तर खास काचेशिवायचा १५.६ चा आकडा १७.५ होतो. वास्तूच्या नावाखाली दरवाजा फिरवायला जो आग्रह धरतात, त्यातला थोडा इमारत फिरवण्यासाठी धरला तर काचेचे पैसे वाचतील.

फ्लाय ॲश विटेबद्दल एक खुलासा हवा. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख जवळच असल्याने आपल्याकडे या विटा सर्रास मिळतात आणि ‘हरित’ म्हणून विकल्या जातात. साहित्याचे गुण त्यांना मिळतात, ते योग्यच. पण उष्णता अडवण्यात नऊ इंची फ्लाय ॲश भिंत आणि नऊ इंची लाल विटेची भिंत जवळजवळ सारखीच. राखेपासूनच बनणारा एएसी ब्लॉक उष्णता अडवतो, तो त्याच्या आतल्या हवेच्या बारीक छिद्रांमुळे.

छज्जा दक्षिणेला, उभा पडदा पश्चिमेला

दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, त्याला आडवा छज्जा पुरतो. १.२ मीटर उंच खिडकीवर ०.६ मीटर छज्जा चांगलं काम करतो. पश्चिमेचं ऊन चारनंतर सरळ समोरून येतं आणि छज्जाखालून आरामात आत शिरतं. तिथे उभ्या फिन्स (भिंतीतून पुढे आलेल्या उभ्या पट्ट्या), खोल बाल्कनी किंवा बाहेरून सरकणारी झडप हवी. आतला पडदा हिशोबात धरला जात नाही, कारण ऊन तोपर्यंत काचेच्या आत आलेलं असतं.

खिडकी किती उघडते

खिडकी मोठी केली की आरईटीव्ही बिघडतो, छोटी केली की वायुवीजनाचा नियम मोडतो. उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र कार्पेटच्या किमान १२.५ टक्के (संमिश्र हवामान) किंवा १० टक्के (उष्ण-कोरडं) हवं. इथे मात्र पट्ट्याने फरक पडतो, म्हणून १२.५ धरून आखणी करा, म्हणजे दोन्हीकडे चालतं.

गंमत ‘उघडणाऱ्या’ या शब्दात आहे. दोन ट्रॅकची सरकती खिडकी निम्मीच उघडते, तीन ट्रॅकची ६७ टक्के, बिजागरीची ९० टक्के. ६० चौरस मीटर कार्पेटच्या टूबीएचकेला ७.५ चौरस मीटर उघडं क्षेत्र लागतं. दोन ट्रॅकने ते साधायला १५ चौरस मीटर खिडक्या बसवाव्या लागतील, बिजागरीने ८.३ पुरतात. म्हणजे खिडकीचा प्रकार बदलताच काच जवळपास निम्मी होते आणि आरईटीव्हीही सुटतो. बाल्कनीचा दरवाजा आणि व्हेंटिलेटर यात धरता येतात, ते विसरू नका.

काच फार काळी करून ऊन अडवायची पळवाटही बंद आहे. भिंतीत खिडक्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के उजेड आत यायलाच हवा.

आणि कूलर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसीइतकाच, किंबहुना जास्त, कूलर चालतो, कारण हवा कोरडी असते. पण नकाशात एसीच्या बाहेरच्या युनिटला जागा असते, कूलरला नसते. मग रहिवासी खिडकीतच कूलर लटकवतात. उघडणारी खिडकी बंद होते, पाणी खालच्या घरावर गळतं आणि कागदावर दाखवलेलं वायुवीजन कागदावरच राहतं. उत्तरेच्या किंवा सावलीतल्या बाजूला कूलरसाठी छोटा ओटा, पाण्याचा नळ आणि निचऱ्याची पाइप द्या. कूलरची हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी उघडणारी हवी, नाहीतर दमटपणा कोंडतो आणि माणूस शेवटी एसी घेतो.

छत

छताचं यू-मूल्य १.२ च्या आत हवं. १५० मिलिमीटर स्लॅबवर नेहमीचा ब्रिकबॅट कोबा टाकला तर ते २.२ च्या आसपास राहतं. म्हणजे ज्या कोब्यावर सगळ्यांचा भरवसा, तो पुरत नाही. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटायची. पातळ स्लॅबकडे तो जाडपणा नाही.

४० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा दाट फोम) टाकला की यू-मूल्य ०.६३ च्या जवळ येतं. थरांचा क्रम असा ठेवा: स्लॅब, उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंग, मग किमान ४८ तास पाणी साठवून गळतीची चाचणी, मग एक्सपीएस बोर्ड सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घातलेला ५० मिलिमीटर कोबा तीन-तीन मीटरवर सांधे सोडून, शेवटी पांढरी चायना मोझॅक. चाचणी बोर्डांच्या आधीच करायची. नंतर गळती सापडली तर सगळं उखडावं लागतं. साधा थर्मोकोल इथे चालत नाही, पाणी पितो. आणि एक्सपीएस उन्हात उघडं ठेवू नका, ऊन त्याचा पृष्ठभाग खातं. जेवढे बोर्ड दिवसभरात झाकता येतील तेवढेच सकाळी अंथरा.

पांढऱ्या रंगाने गच्ची कमी तापते हे खरं, पण यू-मूल्य बदलत नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर हा नियम पास होत नाही. शिवाय काळ्या मातीची धूळ बसली की पांढरेपणा एका उन्हाळ्यात उतरतो.

लिफ्ट, पंप, दिवे

इथे फार डोकं चालवावं लागत नाही, खरेदीच्या ऑर्डरमध्ये नीट लिहावं लागतं. इको निवास संहिता चार मजल्यांच्या किंवा १५ मीटरच्या वरच्या इमारतींकडून जास्त गुण मागते, आणि भिंतींनी पास केल्यावर बाकीचे इथूनच येतात. लिफ्टला आयई३ या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची मोटर, रिकामी असताना दिवा-पंखा आपोआप बंद, दोन किंवा जास्त लिफ्ट असतील तर एकत्रित नियंत्रण. पंप बीईई चार तारे किंवा वर. मार्गिका आणि स्टिल्ट पार्किंगचे दिवे चौरस मीटरला ३ वॅटच्या आत, तळघरात १ वॅटच्या आत, त्यात हालचालीवर चालणारे सेन्सर.

पंपाबाबत चूक वेगळीच होते. गच्चीची टाकी भरायला लागतो त्यापेक्षा दीडपट मोठा पंप घेतला जातो, ‘लाइट गेल्यावर पटकन भरावी’ म्हणून. मोठा पंप कमी पाण्यावर चालला की त्याची कार्यक्षमता लेबलवरच्या आकड्यापासून लांब जाते. उंची, घर्षण आणि रोजचं पाणी लिहून काढा, मगच निवड करा.

सोलर पॅनलला किलोवॅटमागे साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते, तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पाणी तापवायचे सोलर हीटर लावत असाल तर बोअरचं जड पाणी नळ्यांत क्षार धरतं, ते लक्षात घेऊन निवडा. पॅनलचे गुण वेगळे मिळतात, आरईटीव्हीला ते काडीचीही मदत करत नाहीत.

साइटवर काय बिघडतं

कागदावर पास झालेली इमारत साइटवर नापास होते ती तीन-चार ठिकाणी.

एएसी ब्लॉक नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या जाड सांध्यात बसवले की प्रत्येक सांधा उष्णतेचा रस्ता होतो. तयार पातळ मॉर्टर, ३ मिलिमीटरचा सांधा, असं कंत्राटात लिहा. एप्रिल-मेच्या उन्हात ब्लॉक प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतो आणि आठवड्यात जाळीसारख्या भेगा पडतात. त्यामुळे प्लास्टर सकाळी किंवा चारनंतर, आधी भिंतीवर हलका फवारा, नंतर किमान सात दिवस क्युरिंग, आणि ब्लॉक जिथे कॉलम-बीमला भेटतो तिथे फायबरची जाळी. भेग पडल्यावर पुट्टी भरून काम भागत नाही, पुढच्या उन्हाळ्यात ती तिथेच उघडते.

काच बदलली जाते. मंजूर झालेली ०.५ ची, बसलेली साधी पाच मिलिमीटरची. डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून गाडी उतरतानाच काचेवरचा शिक्का, चलन आणि उत्पादकाचा चाचणी अहवाल जुळवून घ्या.

छज्जा कापला जातो, कारण पुढे ड्रेनेजची पाइप येते किंवा दर्शनी भाग ‘स्वच्छ’ दिसायला हवा असतो. विक्रीनंतर बाल्कनी बंद होते आणि बाल्कनीच्या दरवाजाचं मोजलेलं वायुवीजन जातं. विक्रीकरारातच बाल्कनी बंद करण्याबद्दल कलम टाका.

कागदपत्रं काम चालू असतानाच

आयजीबीसी किंवा गृहात नोंदणी, पूर्व-प्रमाणपत्र, बांधकाम, मग अंतिम सादरीकरण, त्यावर शंका, त्यांना उत्तर, असा रस्ता आहे. गृहामध्ये बांधकामादरम्यान तपासणीसाठी माणूस येतो. अर्ज भरणं सल्लागार करेल, पुरावा मात्र साइटवरच तयार होतो आणि स्लॅब झाकल्यावर परत मिळत नाही. छताच्या प्रत्येक थराचा फोटो तारीख आणि ठिकाणासह, मापासाठी शेजारी पट्टी ठेवून. ब्लॉकच्या घनतेचा आणि वाहकतेचा अहवाल. काच, दिवे, पंप, लिफ्ट यांच्या बिलांवर मॉडेल क्रमांक, कारण ‘एलईडी दिवे, एक लॉट’ असं बिल परत येतं. प्रत्यक्ष बांधलेले नकाशे, मंजूर नकाशे नव्हेत. साइट इंजिनिअरच्या मोबाइलमध्ये फोटो राहिले आणि तो दुसऱ्या साइटवर गेला तर फाइल अर्धी राहते, म्हणून दर शनिवारी फोटो कार्यालयाच्या फोल्डरमध्ये टाकायची एका माणसावर जबाबदारी द्या.

इमारत आधीच उभी असेल तर

जुन्या सोसायटीला आरईटीव्ही पेलवत नाही, भिंत पाडता येत नाही. तिच्यासाठी आयजीबीसीचं राहत्या निवासी सोसायट्यांसाठीचं वेगळं मानांकन आहे. आधी सामाईक मीटरची महावितरणची बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा आणि पंप, लिफ्ट, दिवे यांचा वाटा वेगळा काढा. बहुतेक ठिकाणी पंप पहिला येतो. मग गच्चीवर एक्सपीएसचा थर, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडपा, पार्किंगला सेन्सर, या क्रमाने जा. गच्चीचं काम फेब्रुवारीत सुरू करा. पावसाळ्याच्या तोंडावर उखडलेली गच्ची म्हणजे वरच्या मजल्याच्या लोकांशी वर्षभराचं भांडण.